मुंबई ते चेन्नई : किती किलोमीटर, किती तास?



मुंबईपासून चेन्नई किती लांब आहे? या साध्या प्रश्नाला किमान चार उत्तरे आहेत आणि चारही बरोबर आहेत. नकाशावर पट्टी ठेवून मोजले तर सुमारे १०३० किलोमीटर. रेल्वेने गेलात तर सुमारे १२८०. पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर या हमरस्त्याने गेलात तर सुमारे १३४०. चौथे उत्तर किलोमीटरमध्ये नाहीच, ते तासांत आहे : विमानाने पावणेदोन-दोन तास, जलद गाडीने बावीस-तेवीस तास आणि मोटारीने, वाटेत मुक्काम केला नाही तरी, जवळजवळ तेवढेच.

हा विषय आपल्या अंकात घेण्याचे कारण आहे. आपल्या आणि महाराष्ट्रातल्या इतर सैनिकी शाळांतून शिकलेली काही मुले पदवीनंतर सीडीएस परीक्षेतून किंवा एनसीसीच्या खास प्रवेशातून चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत, म्हणजे ओटीएत दाखल होतात. १९९२ पासून मुलीही येतात. तिथले अभ्यासक्रम एप्रिल आणि ऑक्टोबर या महिन्यांत सुरू होतात. निवड झाली, वैद्यकीय तपासणी झाली, घरी पेढे वाटून झाले की हातात रुजू होण्याचे पत्र पडते. त्यावर एक तारीख असते. त्या तारखेला फाटकाशी उभे असणे ही अधिकारी म्हणून तुमची पहिली कामगिरी. मी चेन्नईत राहतो, त्यामुळे निघण्याआधी यांतल्या काहींचे फोन मला येतात. पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच : "सर, चेन्नई किती किलोमीटर?" माझे उत्तर ठरलेले आहे. किलोमीटर नंतर बघू, आधी तास मोजायला शिका. ते कसे मोजायचे, हे सांगण्यासाठी हा लेख.

सुरुवात सरळ रेषेतल्या अंतरापासून करू, कारण ते तुम्हाला वहीच्या अर्ध्या पानावर काढता येते. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस उत्तर अक्षांश १८.९४ आणि पूर्व रेखांश ७२.८४ वर आहे. चेन्नई सेंट्रल १३.०८ आणि ८०.२८ वर. म्हणजे अक्षांशांतला फरक ५.८६ अंश आणि रेखांशांतला ७.४४ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, तो सगळीकडे जवळपास सारखाच. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तावर सर्वांत रुंद आणि ध्रुवाकडे निमुळता होत जाणारा. आपल्या दोन शहरांच्या मधोमध, १६ अक्षांशावर, तो सुमारे १०७ किलोमीटर भरतो. तेव्हा दक्षिणेकडे ६५० किलोमीटर, पूर्वेकडे ७९६ किलोमीटर. या काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढा : १०२८. गोल पृथ्वीवर सपाट त्रिकोण काढल्याने थोडी चूक होते, पण एवढ्या अंतराला ती विसरण्याइतकी लहान आहे. नकाशावाचनाच्या तासाला हेच गणित पुणे-दिल्ली किंवा नागपूर-कोची यांसाठी करून पाहा.

पण अक्षांश-रेखांश माहीत आहेत म्हणून हे गणित सोपे. ते माहीत नव्हते तेव्हा लोक अंतर कसे काढत? ज्या टेकडीच्या पायथ्याशी आज ओटीए आहे, तिथेच या प्रश्नाच्या उत्तराला सुरुवात झाली. चेन्नईकर त्या टेकडीला परंगिमलै म्हणतात, इंग्रजीत सेंट थॉमस माउंट. विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज फौजेतल्या अधिकाऱ्याने १० एप्रिल १८०२ रोजी या टेकडीजवळच्या सपाट जमिनीवर एक रेषा मोजायला घेतली. रेषा जेमतेम साडेसात मैलांची, म्हणजे सुमारे १२ किलोमीटर. मोटारीने पंधरा मिनिटे. लॅम्बटनला ५७ दिवस लागले.

एवढे दिवस का? त्याच्याकडे शंभर फुटांची पोलादी साखळी होती आणि एप्रिल-मेच्या मद्रासच्या उन्हात पोलाद वाढते. म्हणून साखळी लाकडी पेट्यांत, तिकाटण्यांवर, अगदी समतल ठेवायची, तिच्या शेजारी तापमापी ठेवायचे, नोंद घ्यायची, उष्णतेने किती वाढली ते वजा करायचे आणि मग पेट्या पुढे न्यायच्या. अशी चारशे वेळा साखळी टाकली. ही रेषा म्हणजे पाया. पुढचे काम साखळीने करायचे नव्हतेच. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन कळले की उरलेल्या दोन बाजू गणिताने मिळतात, हे तुम्ही नववी-दहावीत शिकता. लॅम्बटनने रेषेच्या दोन टोकांवरून दूरची एखादी टेकडी किंवा गोपुर हेरायचे, थिओडोलाइट या कोन मोजण्याच्या यंत्राने कोन घ्यायचा, नवी बाजू काढायची आणि त्या बाजूवर पुढचा त्रिकोण उभा करायचा. यंत्र अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचे. टेकडीमागून टेकडी, त्रिकोणामागून त्रिकोण, असा तो देश मोजत निघाला. १८०४ मध्ये बंगळूरजवळ त्याने पुन्हा साखळी टाकून पडताळा पाहिला. मद्रासपासून त्रिकोण मांडत आणलेले उत्तर आणि प्रत्यक्ष मोजलेले उत्तर यांत चार इंचांहूनही कमी फरक निघाला.

या मोजणीचा पहिला मोठा धक्का असा : मद्रास आणि मंगळूर यांच्यामधले, म्हणजे द्वीपकल्पाच्या या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंतचे अंतर तोवरच्या नकाशांत ४०० मैल धरलेले होते. ते ३६० मैल निघाले. चाळीस मैल जमीन कागदावरून नाहीशी झाली. पायदळाच्या हिशेबात चाळीस मैल म्हणजे दोन-तीन दिवसांची चाल, तेवढ्या दिवसांचा शिधा, तेवढ्या दिवसांचे बैलांचे वैरण. नकाशातली चूक कागदावर लहान दिसते, ती फौजेच्या पोटाला लागते.

या कथेत मराठी माणसाच्या ओळखीची दोन ठिकाणे येतात. १८०८ मध्ये लॅम्बटन तंजावरला पोहोचला तेव्हा तिथे सरफोजीराजे भोसले गादीवर होते. तिथल्या मोठ्या देवळाच्या शिखरावर यंत्र चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आपटून वाकले. लॅम्बटनने ते स्वतः सहा आठवडे बसून दुरुस्त केले. दुसरे ठिकाण वर्धा जिल्ह्यातले हिंगणघाट. हैदराबादहून नागपूरकडे जाताना, सत्तरीच्या आसपासच्या वयात, २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटन तिथे वारला. त्याची कबर तिथेच आहे. परंगिमलैपासून सुरू झालेली रेषा पुढे हिमालयापर्यंत गेली आणि तिच्या आधारावर एव्हरेस्टची उंची काढली गेली, हे आपल्या पुस्तकात असते. हिंगणघाटचे नाव मात्र क्वचितच असते. विदर्भातल्या वाचकांनी एकदा तिकडे वाकडी वाट करावी.

आता सरळ रेषेतल्या १०३० चे रेल्वेमार्गावर १२८० कसे होतात ते पाहू. साधे कारण म्हणजे सह्याद्री. आगगाडीला चढ सोसत नाही. कर्जतहून खंडाळ्याकडे चढताना बोरघाटात चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर. मोटारीला हे काहीच नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाकाला फार आहे. म्हणूनच कर्जतला गाडीला मागून जास्तीची इंजिने लावतात. एकदा घाट चढून दख्खनच्या पठारावर आले की रेल्वे पुन्हा चढउतार टाळते आणि नद्यांच्या कलाने जाते. पुण्याहून सोलापूर, मग भीमेच्या खोऱ्यातून वाडी, कृष्णा ओलांडून रायचूर, मग गुंतकल, कडप्पा, रेणिगुंटा, अरक्कोणम आणि चेन्नई. हा मार्ग एका दमात झालेला नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे ३४ किलोमीटर, १ जुलै १८५६ ला मद्रासच्या रायपुरमहून वालाजा रोडपर्यंत, १८६३ ला बोरघाट. आणि मुंबईकडून आलेली जीआयपी रेल्वे व मद्रासकडून आलेली मद्रास रेल्वे यांचे रूळ १८७१ मध्ये रायचूरला भेटले. तेव्हापासून मुंबईत बसलेला माणूस रुळांवरून मद्रासला उतरू लागला.

रायचूरच्या अलीकडे गाडी कृष्णेच्या पुलावर येते तेव्हा सातारा-सांगलीच्या मुलांनी खिडकीशी यावे. महाबळेश्वरात उगम पावलेल्या या नदीचे पाणी चेन्नईलाही जाते. महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या तिन्ही राज्यांनी आपापल्या वाट्यातले प्रत्येकी ५ टीएमसी, असे १५ टीएमसी पाणी चेन्नईला द्यावे, असे ठरले आणि तेलुगू गंगा प्रकल्पाच्या कालव्यातून १९९६ मध्ये ते चेन्नईच्या पूंडी जलाशयात पोहोचले. अंतराच्या लेखात हे थोडे बाजूचे आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

रस्ता रेल्वेपेक्षाही वेगळीकडून जातो. दिल्लीहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ४८ मुंबई, पुणे करीत खंबाटकीचा घाट चढून साताऱ्याला येतो; कऱ्हाड, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बंगळूर, कृष्णगिरी, वेल्लोर असा चेन्नईला संपतो. म्हणजे सातारा-कोल्हापूरच्या मुलाच्या गावाशेजारून जाणारा रस्ताच चेन्नईला पोहोचतो. रेल्वे मात्र त्याला आधी पुण्याला बोलावते.

या रस्त्याची दिशा आपल्या इतिहासाला चांगलीच ठाऊक आहे. १६७७ मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेत आले ते हैदराबादवरून. चेन्नईच्या दक्षिणेला दीडशे-एकशे साठ किलोमीटरवर असलेला जिंजीचा किल्ला त्यांनी त्याच मोहिमेत घेतला. बारा वर्षांनी त्याचा उपयोग झाला. १६८९ च्या सप्टेंबर अखेरीस राजाराम महाराज वेढा पडलेल्या पन्हाळ्यावरून निसटले. वेषांतर, मोजके सोबती, मागे मोगलांचा पाठलाग. वाट सौंदत्ती, नवलगुंद, लक्ष्मेश्वर, हावेरी, मग बिदनूर. बिदनूरच्या राणी चन्नम्मांनी औरंगजेबाचा रोष पत्करून वाट करून दिली. बंगळूरला संशय आला तेव्हा खंडो बल्लाळ आणि काही सोबती मागे थांबले, पकडले गेले, पण महाराज पुढे निसटले. अंबूरवरून ते वेल्लोरला पोहोचले तेव्हा पन्हाळा सोडून सुमारे ३३ दिवस झाले होते. तिथून पुढे जिंजी.

नकाशा काढा आणि महामार्ग ४८ वर बोट फिरवा. कोल्हापूर, हावेरी, बंगळूर, अंबूर, वेल्लोर. आज या रस्त्याने कोल्हापूर ते वेल्लोर सुमारे ८२० किलोमीटर आहे. बिदनूरचा वळसा धरला तर त्याहून बराच जास्त. ३३ दिवसांनी भागा : दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर. पाठलागावर असलेल्या फौजेला चुकवत, दसऱ्या-दिवाळीच्या दिवसांत, नद्यांना पाणी असताना हा वेग एक महिनाभर टिकवला. आज तेच अंतर मोटारीने तेरा-चौदा तासांचे. अंतर बदललेले नाही. जे बदलले ते तास. आणि जिंजी सह्याद्रीपासून इतके दिवस लांब होती म्हणूनच ती आसऱ्याला उपयोगी पडली. मोगलांना तिथे तोफा, दाणागोटा आणि खजिना ओढत न्यावा लागला आणि किल्ला हाती यायला १६९८ साल उजाडले.

आपल्या भाषेला ही गोष्ट पहिल्यापासून कळलेली आहे. 'मजल दरमजल करीत' असे आपण म्हणतो. मजल म्हणजे एका दिवसात कापायची वाट. ती किती कोसांची, हे घाट आहे की सपाटी, चिखल आहे की कोरडे, सोबत तोफा आहेत की नुसते स्वार, यावर ठरायचे. तमिळमध्येही असाच शब्द आहे : नाळिगै-वळि. नाळिगै म्हणजे आपली घटका, २४ मिनिटे. वळि म्हणजे वाट. एका घटकेत चालून जाता येईल एवढी वाट. दोन्ही भाषांतल्या माणसांनी जमीन पायांनी मोजली आणि हिशेब वेळेत ठेवला. तुम्ही ट्रेकला जाता तेव्हा हेच करा. १८९२ मध्ये नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक ठोकताळा दिला, तो आजही चालतो : सपाटीवर तासाला पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्तीचा. आतकरवाडीहून सिंहगडाची पायवाट अडीच-तीन किलोमीटर, म्हणजे नकाशावर अर्धा तास. पण चढ साडेपाचशे-सहाशे मीटर, म्हणजे आणखी एक तास. एकूण दीड तास. पाठीवर सामान असेल तर त्याहून जास्त.

तासांचा हिशेब करायचा तर घड्याळ सर्वांचे एक हवे. ते नेहमीच एक नव्हते. पृथ्वीला रेखांशाचा एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. मुंबई आणि चेन्नई यांच्यातला ७.४४ अंशांचा फरक म्हणजे जवळपास ३० मिनिटे. मद्रासच्या वेधशाळेची वेळ ग्रिनिचच्या पुढे ५ तास २१ मिनिटे, मुंबईची ४ तास ५१ मिनिटे. प्रत्येक शहर आपल्या डोक्यावरच्या सूर्यावर घड्याळ लावी, तोवर कुणाचे बिघडत नव्हते. रेल्वे आली आणि घोळ झाला. रेल्वेने देशभर मद्रासची वेळ स्वीकारली. वेळापत्रकात साडेदहाला सुटणारी गाडी मुंबईकराच्या खिशातल्या घड्याळात दहालाच सुटायची. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशाची एकच प्रमाणवेळ आली, साडेपाच तास पुढची, पण मुंबईने हट्ट सोडला नाही. आपली जुनी वेळ तिथे काही ठिकाणी १९५५ पर्यंत टिकून होती!

घड्याळ एक झाले तरी सूर्य एक होत नाही. डिसेंबरात चेन्नईत सूर्य साधारण साडेसहाच्या आत उगवतो, मुंबईत सात वाजून गेलेले असतात. जूनमध्ये मुंबईत सव्वासातपर्यंत उजेड, चेन्नईत पावणेसातला अंधारू लागते. महाराष्ट्रातून आलेल्या मुलाला पहिला आठवडा चेन्नईचा दिवस लवकर सुरू होऊन लवकर संपल्यासारखा वाटतो, त्याचे कारण हे. पहाटेच्या पीटीला ते सोयीचेच आहे.

आता सरासरी वेगाकडे वळू, कारण वेळेचे बहुतेक अंदाज इथे फसतात. १२८० किलोमीटर, २३ तास : वेग तासाला सुमारे ५६ किलोमीटर. तुम्ही म्हणाल, गाडी तर मध्ये शंभराच्या वर पळत होती. पळत होती, पण घाटात रांगत होती, स्टेशनांवर उभी होती, दुसऱ्या गाडीला वाट देत होती. प्रवासाचा वेळ सर्वांत वेगवान टप्पा ठरवत नाही, सर्वांत संथ टप्पा ठरवतो. एक गणित करा. १२०० किलोमीटरपैकी पहिले ६०० ताशी ८० ने आणि पुढचे ६०० ताशी ४० ने कापले, तर सरासरी वेग किती? वर्गातली अर्धी मुले ६० म्हणतील. पहिल्या भागाला साडेसात तास, दुसऱ्याला पंधरा, एकूण साडेबावीस. १२०० ला साडेबावीसने भागा : ५३ च्या थोडे वर. संथ टप्प्यात तुम्ही जास्त वेळ घालवता, म्हणून सरासरीवर त्याचे वजन जास्त पडते. एसएसबीच्या सामूहिक नियोजनाच्या परीक्षेत नकाशा देऊन अशाच अडचणी घालतात : इथे जखमी, तिथे तुटलेला पूल, इतक्या वाजता शेवटची बस. हुशार मुले तिथे अंतर बरोबर काढतात आणि वेळ चुकवतात, कारण नावेची वाट पाहण्यात किंवा चढात गेलेली मिनिटे ती धरतच नाहीत.

विमानाचेही तसेच. हवेत दीड तास, तिकिटावर दोन तास. पण साताऱ्याहून पुणे विमानतळ ११० किलोमीटरच्या पुढे, त्याला तीन तास धरा, विमानतळावर दोन तास आधी, उतरल्यावर सामान. दोन तासांचा प्रवास आठ तासांचा झाला. रेल्वेच्या एक दिवसापेक्षा तो कमीच आहे, पण दोन तास नक्कीच नाही.

आता प्रत्यक्ष रुजू होण्याचा हिशेब. तो उलटा करायचा, म्हणजे शेवटापासून. समजा तुम्हाला दुपारी १२ ला फाटकाशी पोहोचायचे आहे आणि तुम्ही साताऱ्याहून रेल्वेने येणार. चेन्नई सेंट्रलला उतरून ट्रंकेसह ओटीएपर्यंत दीड तास. पुणे ते चेन्नई वीस तास. पुणे स्टेशनवर एक तास आधी. सातारा ते पुणे तीन तास. बेरीज साडेपंचवीस. यात उशिराची तरतूद नाही. साधारण चौथा हिस्सा, म्हणजे साडेसहा तास, राखीव ठेवा : झाले ३२ तास. १२ मधून ३२ वजा करा. आदल्या दिवशी पहाटे ४ ला घर सोडायचे, आणि त्या हिशेबात बसणारी गाडी नसेल तर तिच्या आधीची धरायची. माझा स्वतःचा सल्ला याहून सावध आहे : एक अख्खा दिवस आधी पोहोचा, शहरात मुक्काम करा, केस कापून घ्या, झोपा.

ऑक्टोबरच्या तुकडीने तर हे पाळावेच. आपल्याकडे ऑक्टोबरात पाऊस परततो, चेन्नईत तेव्हा त्याचा खरा हंगाम सुरू होतो. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो आणि बंगालच्या उपसागरातली वादळेही तेव्हाच येतात. डिसेंबर २०१५ च्या पहिल्या आठवड्यात चेन्नई पाण्याखाली गेली. विमानतळ काही दिवस बंद होता, गाड्या रद्द झाल्या. शहराच्या पश्चिमेला सत्तरएक किलोमीटरवर अरक्कोणमला नौदलाचा आयएनएस राजाळी हा हवाई तळ आहे, तिथून प्रवासी विमाने सोडावी लागली. त्या दिवसांत मुंबई-चेन्नई १०३० किलोमीटरच होते. तासांचा आकडा मात्र कुणालाच सांगता आला नसता.

शेवटच्या टप्प्याबद्दल थोडे, कारण इथे गडबड होते. मुंबई-पुण्याकडच्या सगळ्या गाड्या चेन्नईत एकाच स्टेशनला जात नाहीत. काही सेंट्रलला, काही एळुंबूरला, म्हणजे एग्मोरला. तिकिटावरचे नाव नीट वाचा. सेंट्रलहून रस्त्यापलीकडच्या पार्क स्टेशनवर तांबरमकडची लोकल मिळते, किंवा सेंट्रलच्या खालूनच मेट्रो. दोन्हींनी परंगिमलै अर्ध्या-पाऊण तासात येते. विमानाने आलात तर मीनंबाक्कमचा विमानतळ ओटीएच्या शेजारीच आहे. रिक्षावाल्याशी हिंदी चालली नाही तर घाबरू नका, "ओटीए" हा शब्द सगळ्यांना कळतो. स्टेशनच्या पाटीवर इंग्रजीत सेंट थॉमस माउंट आणि तमिळमध्ये परंगिमलै असे दिसेल. मलै म्हणजे डोंगर, आणि परंगि म्हणजे आपलाच जुना शब्द, फिरंगी. तिथे उतरा.